माया दिनगणनेत २०१२ हा खरोखर 'शेवट' होता का? आणि कलियुगाशी तिचा काही संबंध आहे का?

पिंपळपार (प्रश्न)

आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा अभ्यासबैठक भरते आणि येत्या बैठकीत जगबुडीच्या भाकितांविषयी मी बोलावे असे ठरले आहे. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत अष्टग्रही झाली तेव्हा देशभर यज्ञयाग झाले, ही हकिकत मी वडिलांकडून अनेकदा ऐकली आहे, त्यामुळे तो भाग मला अवघड नाही. अडचण आहे ती २१ डिसेंबर २०१२ ची. त्या दिवशी माया लोकांची दिनदर्शिका संपते, म्हणून जगही संपणार, असे आधीची दोन-तीन वर्षे सतत कानांवर येत होते. जग संपले नाही हे सर्वांनी पाहिले. पण 'भाकीत खोटे ठरले' एवढेच सांगून बसणे मला पुरेसे वाटत नाही. माया लोकांनी असे काही भाकीत केले होते का, आणि केले नसेल तर ते त्यांच्या नावावर कोणी चढवले, हे समजून घ्यायचे आहे.

याखेरीज आमच्या गटात दोन दावे फिरत आहेत. पहिला असा की ग्रेगोरियन दिनदर्शिकेमुळे १७५२ पासून दरवर्षी अकरा दिवस हरवत गेले, त्यांची बेरीज आठ वर्षे होते, म्हणून खरी तारीख जून २०२० होती. तीही सरल्यावर वर्ष बदलून तोच संदेश पुन्हा येतो आहे. दुसरा दावा अधिक गोड आहे. माया गणनेचा आरंभ इसवी सनापूर्वी ३११४ मध्ये, कलियुगाचा ३१०२ मध्ये. त्यांच्या एका बाकतुनात १,४४,००० दिवस आणि त्याची तिप्पट म्हणजे कलियुगाची ४,३२,००० वर्षे. तेव्हा माया लोक हे मयासुराचे वंशज होत. बैठकीत हा प्रश्न कोणी ना कोणी विचारणारच, म्हणून उत्तर हाताशी असावे असे वाटते.

शिलालेख

आधी कोरीव पुरावा पाहू, कारण ज्या गोष्टीवरून एवढा गदारोळ झाला तिचा मूळ आधार फारच तुटपुंजा आहे. माया लिपीतील हजारो लेख आज ज्ञात आहेत आणि त्यांपैकी २०१२ मधील त्या दिवसाचा उल्लेख सर्वसाधारणपणे मान्य झालेले लेख दोनच आहेत.

पहिला मेक्सिकोच्या ताबास्को राज्यातील तोर्तुगुएरो येथील सहाव्या क्रमांकाचा शिलापट. त्या स्थळाचा बराच भाग पुढे सिमेंटच्या कारखान्यापायी नष्ट झाला आणि हा पटही तुटक्या अवस्थेतच हाती आला. सातव्या शतकात बांधलेल्या एका वास्तूच्या प्रतिष्ठापनेचा हा लेख आहे. त्याच्या अखेरीस 'तेरावे बाकतुन पूर्ण होईल' (हाच २०१२ मधील तो दिवस) अशा अर्थाचे वाक्य येते आणि त्या प्रसंगी बोलोन योक्ते नावाच्या देवतेचे अवतरण किंवा तिचा वस्त्रालंकारांनी होणारा सन्मान सांगितलेला दिसतो. नेमकी तेथील काही अक्षरे झिजलेली आहेत, आणि भाकितवाल्यांनी आपला सगळा प्रलय त्या झिजलेल्या जागेत भरला. शाबूत राहिलेल्या अक्षरांत आग नाही, पूर नाही, विनाश नाही.

दुसरा लेख मला अधिक बोलका वाटतो. ग्वाटेमालातील ला कोरोना येथे २०१२ मध्येच एका जिन्याचे कोरीव दगड सापडले आणि मार्चेलो कानुतो व डेव्हिड स्टुअर्ट या अभ्यासकांनी जून महिन्यात त्यांचे वाचन जाहीर केले. त्यात कालाकमुलचा राजा युकनूम यिचाक काक याने इसवी सन ६९६ मध्ये या लहानशा नगराला दिलेल्या भेटीची नोंद आहे. या भेटीची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. आदल्याच वर्षी, ६९५ मध्ये, टिकालच्या राजाने त्याचा मोठा पराभव केला होता, आणि हा राजा युद्धात मारला गेला असावा असे अभ्यासक मानत होते. या लेखामुळे तो जिवंत होता आणि आपल्या मांडलिकांकडे फिरून त्यांना धीर देत होता, हे कळले. लेखात तो स्वतःला तेराव्या कातुनाचा (कातुन म्हणजे ७,२०० दिवसांचा काळ) अधिपती म्हणवतो, कारण ६९२ मध्ये त्या कातुनाच्या समाप्तीचा सोहळा त्याने केला होता. आणि लगेच पुढे, जेव्हा तेरावे बाकतुन पूर्ण होईल त्या दूरच्या दिवसाचा उल्लेख येतो. हरलेला राजा आपले नाव काळाच्या मोठ्यात मोठ्या टप्प्याशी जोडून 'माझी सत्ता या गणनेइतकीच टिकाऊ आहे' असे सांगत होता. ज्या दिवशी सगळे बुडणार अशी समजूत आहे, त्या दिवसाची ग्वाही कोणी आपल्या स्थैर्यासाठी देत नाही.

माया राजे २०१२ च्याही पलीकडे पाहत होते, याचा पुरावा पालेंके येथील लेखमंदिरात आहे. तेथील पाकाल राजा ६१५ मध्ये गादीवर बसला. माया पंचांगातील २६० दिवसांचे व ३६५ दिवसांचे चक्र एकत्र जुळायला १८,९८० दिवस, म्हणजे सुमारे ५२ वर्षे लागतात. अशी ८० आवर्तने होऊन त्याच्या राज्यारोहणाचा तोच दिवस पुन्हा केव्हा येईल याचा हिशेब त्या लेखात केला आहे. आपल्या दिनदर्शिकेत तो दिवस ऑक्टोबर ४७७२ मध्ये पडतो. आपण सहस्रचंद्रदर्शनाचा दिवस आधीच काढून ठेवतो, तसाच हा प्रकार, फक्त राजाचा उत्साह चार हजार वर्षांचा. शुलतुन येथील भिंतीवर सापडलेल्या, नवव्या शतकाच्या आरंभीच्या खगोलगणिताच्या नोंदींतही काही आकडे सुमारे सात हजार वर्षांचा काळ व्यापतात. त्यांचे संशोधन मे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्या वर्षीच्या गोंगाटात ते व्हायला हवे तेवढे गाजले नाही.

अहर्गण

लेखांविषयी वर उत्तम उत्तर आले आहे. मी आकड्यांपुरते बोलतो.

अभ्यासक ज्याला 'लाँग काउंट' म्हणतात ती माया पद्धत म्हणजे आपल्या सिद्धांतग्रंथांतील अहर्गणाची जुळी बहीण आहे: एका ठरावीक दिवसापासून आजपर्यंत किती दिवस उलटले, एवढेच ती सांगते. एक दिवस म्हणजे किन, २० किनांचा विनाल, १८ विनालांचा म्हणजे ३६० दिवसांचा तुन, २० तुनांचा कातुन आणि २० कातुनांचे बाकतुन. तेरा बाकतुने म्हणजे १८,७२,००० दिवस, सुमारे ५,१२५ वर्षे. २१ डिसेंबर २०१२ हा दिवस १३.०.०.०.० असा लिहिला जाईल आणि दुसरा दिवस १३.०.०.०.१ असा. त्या गणनेत याहून अधिक काही घडले नाही.

आता अकरा दिवसांचा दावा. ब्रिटिश साम्राज्यात २ सप्टेंबर १७५२ च्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर ही तारीख धरली गेली. कंपनीच्या अमलाखालच्या मुंबईलाही तो कायदा लागू होता. पण हे अकरा दिवस एकदाच वगळले गेले. दरवर्षी अकरा दिवस गळत राहिले असते, तर पस्तीस वर्षांच्या आत पावसाळा साऱ्या महिन्यांतून फिरून आला असता. आणि मुळात वगळले ते तारखांचे आकडे. सूर्य एकदाही कमी उगवला नाही. माया गणना उगवलेल्या दिवसांची असल्याने तिला कोणत्याही पोपच्या किंवा पार्लमेंटच्या दुरुस्तीचे सोयरसुतक नाही. अभ्यासक ती ज्युलियन दिनांकाशी जोडतात, आणि तोही सलग दिवसांचाच आकडा असतो: माया गणनेचा शून्य दिवस ५,८४,२८३; त्यात १८,७२,००० मिळवले की २४,५६,२८३; आणि हाच २१ डिसेंबर २०१२ चा ज्युलियन दिनांक. ही बेरीज बैठकीत फळ्यावर करून दाखवा, एवढी सुचवणी. ५,८४,२८३ हा आकडा गुडमन, मार्तिनेस आणि टॉम्पसन यांच्या १९०५ ते १९३० च्या दशकातील कामातून स्थिरावला, आणि टिकाल येथील मंदिराच्या कोरीव लाकडी तुळईच्या कार्बन कालमापनाने २०१३ मध्ये त्या जोडणीला बळकटी मिळाली.

अहर्गणाचा आकडा फार फुगला की गणित करणारा कंटाळतो, ही अडचण आपल्याकडेही होती. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ हे आरंभवर्ष धरून 'ग्रहलाघव' रचला तेव्हा ४,०१६ दिवसांचे, म्हणजे सुमारे अकरा वर्षांचे एक चक्र कल्पून दिवसांचा आकडा आटोक्यात ठेवला. चक्र पूर्ण झाले की दिवस पुन्हा शून्यापासून मोजायचे. १५२० पासून अशी कितीतरी चक्रे पूर्ण झाली, आणि त्यांतल्या एकाच्याही समाप्तीला कोणी प्रलयाचा मुहूर्त मानले नाही. आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर साठ संवत्सरांकडे पाहा. शेवटच्या संवत्सराचे नावच 'क्षय' आहे. शके १९०८ हे, म्हणजे १९८६-८७ चे वर्ष, क्षय संवत्सर होते. त्याच्या पाठोपाठ गुढीपाडव्याला प्रभव संवत्सर सुरू झाले आणि पंचांगाची नवी प्रत नेहमीप्रमाणे दुकानात आली. उद्या एखाद्या परदेशी वाचकाला केवळ ही नावांची यादी सापडली, तर २०४६-४७ च्या क्षय संवत्सरावरून तो काय काय रचील, याची कल्पना करून पाहावी.

कलियुगाच्या दाव्यात एक कच्चा दुवा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. माया आरंभाची प्रचलित तारीख ११ ऑगस्ट ३११४ ही ग्रेगोरियन पद्धत मागे नेऊन काढलेली आहे, तर कलियुगारंभाची १८ फेब्रुवारी ३१०२ ही ज्युलियन, म्हणजे ग्रेगोरियनच्या आधीच्या जुन्या पद्धतीची. दोन्ही एकाच मापाने मोजल्या तर अंतर ४,१८३ दिवसांच्या आसपास, म्हणजे साडेअकरा वर्षांच्या जरा आत येते. एवढे जवळ असूनही ते एक नाहीत. शिवाय दोन्ही आरंभ मागाहून गणिताने ठरवलेले आहेत. या पद्धतीच्या तारखा असलेले सर्वांत जुने ज्ञात लेख इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातले आहेत, म्हणजे शून्य दिवसाच्या तीन हजार वर्षांनंतरचे. आणि कलियुगारंभही सर्व ग्रह मेषारंभी एकत्र होते असे गृहीत धरून सिद्धांतकारांनी मागे जाऊन बसवलेला आहे. १,४४,००० ची तिप्पट ४,३२,००० होते हे खरे, पण पहिला आकडा दिवसांचा आहे आणि दुसरा वर्षांचा. दोन्हीकडे ३६० चा पट वापरला की असे गुणाकार जुळतातच. मयासुराविषयी इतकेच सांगतो की त्या नगरांतील लोक स्वतःला एकत्रितपणे 'माया' म्हणवत नव्हते. युकातानमधील मायापान या नगराच्या नावात आढळणारा हा शब्द पुढे सर्वांना लावला गेला. नावातल्या ध्वनिसाम्यावरून वंश ठरवायचा असेल, तर घरोघरीच्या मायाताईंनाही त्यात घ्यावे लागेल.

उंबरठा

वरील दोन्ही उत्तरांशी मी बव्हंशी सहमत आहे. पण माया परंपरेत विनाशाची कल्पनाच नव्हती असा समज त्यांतून होऊ नये. किचे माया लोकांच्या 'पोपोल वुह' या ग्रंथात देवांनी आधी मातीची आणि मग लाकडाची माणसे घडवली, ती मनासारखी न झाल्यामुळे नष्ट केली आणि शेवटी मक्याच्या पिठापासून आजची माणसे केली, अशी कथा आहे. ड्रेस्डेन येथे जतन केलेल्या पोथीच्या एका पानावर आकाशातील मगरीसारख्या प्राण्याच्या मुखातून पाण्याचे लोट कोसळताना दाखवले आहेत. आणि माया गणनेचा शून्य दिवसही १३.०.०.०.० असाच लिहिला जाई, म्हणजे आधीचा काळ तेरा बाकतुनांवर पूर्ण झाला होता. मग आताच्या सृष्टीचेही तेच होईल असा तर्क कोणी केला, तर तो अगदीच निराधार म्हणता येईल का? अॅझ्टेक लोकांत तर चक्र संपताना जग संपण्याची भीती प्रत्यक्ष होती, असे मी वाचले आहे.

शिलालेख

उंबरठा यांचा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट द्यायला हवे, कारण २०१२ ची कथा याच तर्कातून जन्मली. मायकेल को या नामवंत पुरातत्त्वज्ञांनी १९६६ मध्ये माया संस्कृतीवरील आपल्या पुस्तकात तेराव्या बाकतुनाच्या अखेरीस विश्वाचा नाश होईल अशी समजूत असावी, असे सुचवले. त्या वेळी त्यांनी काढलेली तारीख तर २४ डिसेंबर २०११ होती. म्हणजे प्रलयाची ठिणगी एका गंभीर विद्वानाच्या लेखणीतून पडली, हे मान्य केले पाहिजे.

मात्र हा तर्क लेखांच्या कसोटीवर टिकला नाही. 'पोपोल वुह' सोळाव्या शतकाच्या मध्यास, स्पॅनिश आक्रमणानंतर, रोमन लिपीत लिहिला गेला आणि त्यात बाकतुनांची गणना कोठेही नाही. ती गणना कोरण्याची प्रथा तोनिना येथील ९०९ सालच्या लेखानंतर मावळली होती. ड्रेस्डेन पोथीतील जलप्रपाताच्या पानाचा २०१२ शी संबंध लावणारी कोणतीही तारीख तेथे नाही. शून्य दिवसाआधीचा काळही माया लेखक निःसंकोच मोजत असत: पालेंके येथील क्रूस मंदिराच्या लेखात एका आद्य देवतेचा जन्म त्या दिवसाच्या काही वर्षे आधी, इसवी सनापूर्वी ३१२१ मध्ये, सांगितला आहे आणि तीच देवता नव्या काळातही कार्यरत दिसते. वर उल्लेखिलेली ४७७२ ची तारीख पाहता, पालेंकेच्या गणकांनी तेराव्यानंतर चौदावे, पंधरावे अशी वीस बाकतुनांपर्यंतची मोजणी गृहीत धरली होती.

अॅझ्टेकांविषयी तुम्ही म्हणता ते खरे आहे, आणि घोटाळा तेथेच झाला. दर ५२ वर्षांनी त्यांचा नवाग्नी विधी होई. त्या रात्री सर्व चुली विझवत, घरातली भांडी फोडत, गरोदर स्त्रियांना मुखवटे घालून धान्याच्या कोठारात बसवत. मग टेकडीवर बळी दिल्या जाणाऱ्या कैद्याच्या छातीवर नवा अग्नी चेतवला की सूर्य पुन्हा उगवणार अशी खात्री पटे. असा शेवटचा विधी १५०७ मध्ये झाला. ही भीती खरी होती, पण ती दुसऱ्या लोकांची, दुसऱ्या शतकांतली आणि ५२ वर्षांच्या चक्राची होती. आंतरजालावर 'माया कॅलेंडर' म्हणून जी गोल कोरीव शिळा दाखवतात, तीही अॅझ्टेकांची सूर्यशिळा आहे. ती १७९० मध्ये मेक्सिको शहरात सापडली आणि आज तेथील मानवशास्त्र संग्रहालयात आहे. आपल्या बैठकीच्या भित्तिपत्रकावर चुकून तिचेच चित्र लावू नका.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. होसे आर्ग्वेयेस यांनी ऑगस्ट १९८७ मध्ये जगभर सामूहिक ध्यानाचा कार्यक्रम घडवला आणि २०१२ ला आध्यात्मिक स्थित्यंतराचे वर्ष केले. त्यांच्या कल्पनेत विनाशापेक्षा उन्नती अधिक होती. मे २००३ मध्ये 'निबिरू' नावाचा ग्रह पृथ्वीजवळ येणार असे एका अमेरिकन बाईंनी सांगितले होते. तो आला नाही, तेव्हा त्या ग्रहाला २०१२ ची नवी तारीख मिळाली. २००९ मध्ये हॉलिवूडचा भव्य प्रलयपट आला आणि विषय घराघरांत पोहोचला. अखेर नासालाच शंकानिरसनाचे काम हाती घ्यावे लागले. लहान मुले घाबरून पत्रे पाठवीत होती, असे तेथील शास्त्रज्ञ डेव्हिड मॉरिसन यांनी सांगितले आहे.

लिंबाची सावली

मी कामानिमित्त दोन वर्षे ग्वाटेमालात होतो, म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. या सगळ्या चर्चेत माया लोक जणू केव्हाच नाहीसे झाले असे आपण बोलतो. प्रत्यक्षात माया भाषा बोलणारे लाखो लोक आजही मेक्सिको, ग्वाटेमाला आणि शेजारच्या देशांत राहतात, आणि २६० दिवसांची गणना तेथील डोंगराळ भागात अखंड चालू आहे. ती सांभाळणाऱ्यांना किचे भाषेत 'अखकिह', म्हणजे दिवसांचा राखणदार, म्हणतात. मोमोस्तेनांगो येथे दर २६० दिवसांनी 'आठ बात्स' या दिवशी त्यांचा मोठा विधी होतो. मुलाचा जन्म, पेरणी, लग्न यांसाठी दिवस पाहायचा तो या गणनेतूनच. आपल्याकडे भटजींना पंचांग उघडायला सांगतात, तसेच. बाकतुनांची मोठी गणना त्यांच्या रोजच्या आयुष्यात नव्हतीच. मला ज्यांच्याशी बोलता आले त्या वृद्ध गृहस्थांना २०१२ विषयी विचारले, तेव्हा पर्यटकांची बस किती उशिरा आली एवढेच त्यांना आठवत होते. त्या दिवशी टिकाल येथे हजारोंची गर्दी झाली आणि चढायला मनाई असलेल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मंदिराच्या पायऱ्यांची हानी झाल्याच्या बातम्याही आल्या होत्या.

पिंपळपार

सर्वांचे मनापासून आभार. ज्युलियन दिनांकाची बेरीज आणि ला कोरोनाच्या पराभूत राजाची हकिकत मी नक्की घेणार आहे. एकच शंका उरली. गणनेचा टप्पा नेमका २१ डिसेंबरला, म्हणजे दिवस सर्वांत लहान असण्याच्या तिथीलाच कसा आला, आणि त्या दिवशी सूर्य आकाशगंगेच्या केंद्रासमोर येणार होता असे म्हणत, त्यात तथ्य किती?

अहर्गण

ही जुळणी मुद्दाम साधली होती की योगायोगाने झाली, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. आकाशगंगेचा दावा मात्र सहज तपासता येतो. सूर्य दर डिसेंबरात धनू राशीतील त्याच भागातून जातो. २०१२ पुरते त्यात नवे काही नव्हते. तो केंद्राच्या अगदी समोर कधीच येत नाही, सुमारे सहा अंश बाजूने जातो. परांचन गतीमुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरत असल्यामुळे, अयनबिंदू (सर्वांत लहान दिवशीचे सूर्याचे स्थान) आकाशगंगेच्या मध्यरेषेवर आला तो खरा १९९८ च्या सुमारास, असे झाँ मेस या बेल्जियन गणितज्ञांनी काढले आहे. आणि सूर्यबिंब अर्धा अंश रुंद असल्यामुळे अयनदिनाच्या सूर्याला ती रेषा संपूर्ण ओलांडायला ३६ वर्षे लागतात. सगळा १९८० ते २०१६ चा काळ त्यात येतो, त्यामुळे एकच दिवस वेगळा काढता येत नाही.

बैठकीत कोणी पुढची तारीख विचारली तर तीही सांगून ठेवतो: १३.१.०.०.० हा दिवस ७ सप्टेंबर २०३२ ला येईल, आणि चौदावे बाकतुन २६ मार्च २४०७ ला पूर्ण होईल.